तटस्थ म्हणावे कोणास?

दोन भाऊबंद बांधावरून भांडताहेत. एकाच्या हाती कुऱ्हाड आहे, दुसऱ्याच्या हाती काठी. वाटेने तिसरा एक भला माणूस चालला आहे. तो दोघांच्याही घरी जेवलेला, दोघांच्याही पोराबाळांच्या लग्नात अक्षता टाकलेला. आता या तिसऱ्याने काय करावे? एक तर ज्याचे खरे वाटते त्याच्या बाजूने पदर खोचून उतरावे, नाही तर खाली मान घालून आपली वाट धरावी, नाही तर दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहावे. चौथा मार्ग नाही. आपण बहुतेक जण दुसरा मार्ग धरतो आणि घरी येऊन सांगतो, 'आपण बुवा तटस्थ!'

या लेखात विचार करायचा आहे तो या एका शब्दाचा. शब्द लहान आहे, पण त्याच्या पोटात मोठा प्रश्न दडलेला आहे. भांडणात न पडणे हा सद्गुण आहे, की तो पळ काढण्याचा सभ्य मार्ग आहे? आणि भांडणात पडूनही कोणाचाच शत्रू न होणे माणसाला जमते काय?

हा प्रश्न महाभारताइतका जुना आहे. कौरव-पांडवांचे युद्ध ठरले तेव्हा बलरामदादा म्हणाले, दोघेही आपलेच, मी कोणाच्या बाजूने लढू? आणि ते तीर्थयात्रेला निघून गेले. श्रीकृष्णाला दोघेही आपलेच होते. पण तो आधी हस्तिनापुरास गेला, भर सभेत उभा राहिला आणि निदान पाच गावे तरी द्या इथपर्यंत खाली आला. त्याची शिष्टाई फसली, उलट त्यालाच बांधून ठेवण्याचा घाट घातला गेला. दोघेही युद्ध टाळू इच्छीत होते, पण एकाने वाट बदलली आणि दुसरा मध्ये जाऊन उभा राहिला. आपण वारीला जाणारी माणसे, म्हणून आपण तर हे जास्तच ध्यानात ठेवावे. तीर्थयात्रा ही फार मोठी गोष्ट खरी, पण घर पेटलेले असताना धरलेली तीर्थाची वाट कितपत पावन, हा विचार मनात यायलाच हवा.

दोन भाऊबंदांचे भांडण मिटवायला गावात पंच असतात, तालुक्याला कोर्ट असते. पण दोन राष्ट्रे भांडू लागली तर? त्यांचा पाटील कोण? त्यांची चावडी कुठे? शेकडो वर्षे या प्रश्नाला उत्तरच नव्हते. ज्याची तलवार लांब, त्याचा न्याय खरा. हे उत्तर शोधायची निकड जगाला वाटली ती १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धानंतर.

ते युद्ध युरोपातले, पण त्याची झळ आपल्या कृष्णाकाठापर्यंत आली होती. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. त्या एका गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. इराकात कुत येथे वेढ्यात सापडलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या. पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेला शस्त्रे खाली ठेवावी लागली, आणि सुमारे १३ हजार माणसे कैदेत गेली. साऱ्या हिंदुस्थानचे मिळून सुमारे ७४ हजार जवान त्या युद्धात मेले. कोणाच्या भांडणासाठी? ज्यांनी ते भांडण सुरू केले त्यांची नावेही या जवानांना ठाऊक नव्हती.

एवढा संहार झाल्यावर शहाण्यांना शहाणपण सुचले, आणि १० जानेवारी १९२० रोजी राष्ट्रसंघ अस्तित्वात आला. स्वित्झर्लंडातले जिनीव्हा हे त्याचे ठाणे. यापुढे तंटा झाला की तलवार उपसण्याआधी संघापुढे यावे, आणि कोणी दांडगाई केलीच तर बाकीच्यांनी मिळून त्याला आवरावे, अशी कल्पना होती. कल्पना चांगलीच होती. पण गंमत बघा. ज्या अमेरिकेच्या अध्यक्षांनी, विल्सनसाहेबांनी, ती पुढे आणली, ती अमेरिकाच संघात आली नाही. आणि आपला हिंदुस्थान, जो गुलाम होता, तो मात्र मूळ सभासद! तहावर हिंदुस्थानच्या नावाने सही केली ती इंग्रज भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी. ज्याला स्वतःच्या घरात बोलायची मुभा नाही, त्याला जगाच्या चावडीवर खुर्ची. तेव्हा पायाच थोडा तिरका बसला होता, असे म्हणावे लागते.

तरी संघाने एक लहानसे काम फार चांगले केले, त्याची आठवण ठेवली पाहिजे. जर्मनी आणि फ्रान्स यांच्या सीमेवर सार नावाचा प्रांत आहे. तो कोणाकडे जावा यासाठी १३ जानेवारी १९३५ रोजी तिथल्या लोकांचे मत घ्यायचे होते, आणि दंगलीची भीती होती. तेव्हा इंग्लंड, इटली, स्वीडन आणि हॉलंड यांचे मिळून ३,३०० सैनिक तिथे पाठवले गेले. ते कोणाशी लढायला गेले नव्हते, नुसते उभे राहायला गेले होते. मतदान शांततेने पार पडले आणि सैनिक घरी परतले. शांतिसेना हा शब्द रूढ होण्याआधीची ही शांतिसेनाच म्हणावी.

पण जिथे दांडगा खरोखर दांडगा होता, तिथे मात्र सगळे काठावर उभे राहिले. १९३१ साली जपानने मांचुरिया गिळला. संघाने चौकशी केली, अहवाल लिहिला, आणि जपान १९३३ मध्ये संघातूनच उठून गेला. १९३५ साली इटलीने ॲबिसीनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला. संघाने इटलीशी काही व्यापार बंद केला, पण तेल मात्र चालूच ठेवले. तेलाशिवाय रणगाडे चालत नाहीत हे काय त्यांना ठाऊक नव्हते? ठाऊक होते. पण मध्ये पडले तर आपल्याला लागेल, ही भीती होती. 'आपण बुवा तटस्थ' हे वाक्य त्या दिवसांत मोठमोठ्या राजधान्यांत म्हटले गेले. त्या तटस्थपणाची किंमत १९३९ ते १९४५ च्या दुसऱ्या महायुद्धात कोट्यवधी माणसांनी भरली.

त्या युद्धाच्या शेवटी, २५ एप्रिल १९४५ रोजी, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरी ५० राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. दोन महिने बसून त्यांनी सनद तयार केली, २६ जूनला तीवर सह्या झाल्या, आणि २४ ऑक्टोबर १९४५ पासून संयुक्त राष्ट्रसंघ सुरू झाला. या खेपेसही हिंदुस्थान गुलाम असून मूळ सभासद होता.

नेमक्या त्याच वर्षांत आपल्या पलूस-कुंडलच्या मुलखात काय चालले होते? क्रांतिसिंह नाना पाटील आणि कुंडलचे जी. डी. बापू लाड यांचे प्रतिसरकार. १९४३ पासून १९४६ पर्यंत तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात गावोगाव लोकांची न्यायदान मंडळे बसत होती. इंग्रजी कोर्टात वर्षानुवर्षे लोंबकळलेले जमिनीचे तंटे झाडाखाली बसून मिटत होते, दरोडेखोरांचा बंदोबस्त होत होता. जिनीव्हा आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सभांत ज्यांना आवाज नव्हता, ती माणसे आपल्या गावात आपली चावडी आपणच उभी करत होती. तिच्यात कठोरपणाही होता. फितुरांच्या तळपायांवर फटके बसत, त्यावरूनच 'पत्री सरकार' हे नाव पडल्याचे सांगतात. म्हणजे शांतता राखायची तर दंड हवा की नको, हा प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोत होता तसा कुंडलातही होता.

सॅन फ्रान्सिस्कोने या प्रश्नाचे उत्तर असे दिले की, दंड बळवंतांच्या हाती द्यावा. अमेरिका, रशिया, इंग्लंड, फ्रान्स आणि चीन या पाचांना सुरक्षा समितीत कायमच्या जागा मिळाल्या, आणि वर नकाराचा अधिकार मिळाला. पाचांपैकी एकाने 'नाही' म्हटले की ठराव बारगळला. आता सांगा, पंचच जर तंट्यातला एक पक्ष असेल तर न्याय कसा व्हायचा?

हे १९५६ साली दिसून आले. ईजिप्तने सुएझचा कालवा आपल्या ताब्यात घेतला, आणि इंग्लंड, फ्रान्स व इस्रायल यांनी त्याच्यावर हल्ला केला. दोन पंचच हल्लेखोर! सुरक्षा समिती अडून बसली. तेव्हा सगळ्या लहानमोठ्या राष्ट्रांची आमसभा पुढे झाली. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पियर्सन यांनी कल्पना मांडली, सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी तिला आकार दिला, आणि थोड्याच दिवसांत निळ्या शिरस्त्राणांचे पहिले आंतरराष्ट्रीय शांतिदल उभे राहिले. त्याच्या आधी १९४८ पासून पॅलेस्टाइनात आणि १९४९ पासून काश्मीरच्या युद्धविराम रेषेवर संघाचे निरीक्षक होतेच, पण पलटणींसह दल उभे राहिले ते हे पहिले. आपल्या भारतानेही त्यात जवान पाठवले.

वाचकहो, सनद उघडून पाहिली तर तीत शांतिसेना हा शब्दच सापडत नाही. ती कोणी आधी ठरवून केलेली गोष्ट नव्हे. बळवंतांनी बांधलेले यंत्र अडले, तेव्हा ज्यांच्या हाती मोठे बळ नव्हते त्यांना सुचलेली ती युक्ती होती. तिचे नियम तीन. दोन्ही बाजूंची संमती असावी, कोणाचा पक्ष घेऊ नये, आणि शस्त्र फक्त जिवावर बेतले तरच उचलावे.

हे नियम कागदावर सोपे दिसतात. पाळताना काय होते याचा दाखला सुएझच्याही आधीचा आहे, आणि तो आपल्याच माणसाचा आहे. कोरियातले युद्ध २७ जुलै १९५३ रोजी थांबले, पण एक पेच उरला. दक्षिणेकडच्या कैदेत असलेल्या चिनी व उत्तर कोरियाच्या सुमारे २२,६०० सैनिकांना परत जायचे नव्हते, आणि उत्तरेकडच्या कैदेत असलेल्या ३५९ जणांनाही आपल्या बाजूला परतायचे नव्हते. त्यांचे काय करायचे? यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमले गेले. त्याचे अध्यक्ष होते आपले जनरल थिमय्या, आणि कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय रक्षक दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. हे दल राष्ट्रसंघाचे नव्हते, युद्धविरामाच्या कराराने नेमलेले होते. पण काम तेच, दोघांच्या मध्ये उभे राहण्याचे.

आणि त्यांचे स्वागत कसे झाले? दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री म्हणाले, भारतीयांचे पाऊल आमच्या भूमीला लागता कामा नये. म्हणून आपल्या जवानांना बंदरातून हेलिकॉप्टरांत बसवून मधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तिथे त्यांनी आपली छावणी वसवली, नाव ठेवले 'हिंद नगर'. काटेरी तारांआड हजारो कैदी, त्यांच्यात आपापसातली दहशत, रोज घोषणा, रोज दगड. सप्टेंबरात कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून ओलीस धरले. बाहेर बंदुका होत्याच. पण थोरात स्वतः निःशस्त्र आत गेले, संतापलेल्या जमावात उभे राहून बोलले, आणि आपला माणूस जिवंत सोडवून आणला. पुढे ऑक्टोबरच्या आरंभी कैदी तारा तोडू लागले तेव्हा गोळी चालवावी लागली, आणि काही कैदी मेले, हेही सांगितले पाहिजे. उत्तरेकडचे म्हणाले भारत दक्षिणेला मिळालेला, दक्षिणेकडचे म्हणाले उत्तरेला मिळालेला. अखेर मुदत संपली, वरच्या लोकांनी निर्णय दिलाच नाही, आणि जानेवारी १९५४ मध्ये कैदी ज्यांच्याकडून आले त्यांच्याकडे परत सोपवण्यात आले. ज्यांना दोन्हींकडे जायचे नव्हते असे ८८ जण आपल्या जवानांबरोबर भारतात आले.

यावरून कळते की मध्ये उभे राहणाऱ्याला दोन्ही बाजूंची शिवी खावी लागते. त्याला जयाचा आनंद नाही, कारण तो जिंकायला आलेलाच नाही. रागाने हात उचलला तर तो तिसरा भांडखोर होतो, आणि भिऊन मागे सरला तर दोघे एकमेकांवर तुटून पडतात. हातात बळ आहे, तोंडावर दगड येतो आहे, आणि तरी हात उगारायचा नाही, हे काय लहान तप आहे? काठावर बसून 'आपण तटस्थ' म्हणणाऱ्याच्या अंगाला एक खडाही लागत नाही. दोघांनाही आपण एकाच शब्दाने हाक मारतो, हा भाषेचा अन्याय आहे.

पण इथे एक खरा आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही. दोघे बरोबरीने भांडत असतील तर मध्ये उभे राहणे ठीक. पण एक मारतो आहे आणि दुसरा नुसता मरतो आहे, अशा वेळी 'मी कोणाचाच नाही' हे म्हणणे पाप नव्हे काय? होय, पापच आहे, आणि निळ्या शिरस्त्राणांच्या माथी ते लागले आहे. १९९४ साली आफ्रिकेतील रुआंडात तीन महिन्यांत सुमारे ८ लाख माणसे कापली गेली. राष्ट्रसंघाचे दल तिथे होते. कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा समितीने ते वाढवले नाही, उलट २७० माणसांवर आणायचे ठरवले. १९९५ च्या जुलैत बोस्नियातील स्रेब्रेनित्सा गावी, ज्याला संघाने सुरक्षित क्षेत्र म्हटले होते, तिथे सुमारे ८ हजार पुरुष व मुले मारली गेली. मूठभर डच सैनिक पाहत राहिले.

म्हणून विवेक असा करावा लागतो. माणसामाणसांत भेद करू नये, पण कर्माकर्मांत भेद केलाच पाहिजे. हा माझ्या जातीचा, तो परका, हा श्रीमंत, तो गरीब, असे पंचाने पाहू नये. पण कुऱ्हाड चालवणारा आणि कुऱ्हाडीखाली मान असलेला या दोघांना एकाच मापाने मोजणे हा समभाव नव्हे, ते आंधळेपण आहे. राष्ट्रसंघानेही या ठेचा खाऊन २००० सालच्या ब्राहिमी समितीच्या अहवालात हेच मान्य केले, की निःपक्षपात म्हणजे करार मोडणारा आणि पाळणारा यांना सारखेच वागवणे नव्हे. आपल्याकडेही तोच नियम आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम घ्या. शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. बांधाचा, पाटाच्या पाण्याचा तंटा समितीने समजुतीने मिटवावा हे उत्तम. पण एखाद्या लेकीबाळीवर अत्याचार झाला आणि गावची अब्रू म्हणून चार जण तो 'मिटवायला' बसले, तर ती शांतता नव्हे, तो दुसरा अत्याचार. तिथे पंचाची जागा नाही, कोर्टाची आहे.

आता दंडाचा प्रश्न राहिला. मध्ये उभ्या राहणाऱ्याचे बळ येते कुठून? याचे उत्तर वारकऱ्याने दरसाल डोळ्यांनी पाहिलेले आहे. माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी राहिलेले लष्करी गडी. तळावर समाजआरतीला लाखोंचा समुदाय जमतो, शेकडो दिंड्यांचे टाळ वाजत असतात. चोपदार दंड वर करतो, आणि सगळीकडे एकदम शांत! ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो, तक्रारीचा तिथेच निवाडा होतो. त्या दंडाने आजवर कोणाला मारले? कोणालाच नाही. त्यात चांदीचे बळ नाही की लाकडाचे नाही. 'हा दंड वर गेला की आम्ही थांबू' असे लाखोंनी मनात मान्य केले आहे, ते बळ आहे. आणि तक्रारीचे टाळ दाबून टाकले जात नाहीत, ऐकले जातात, हेही तितकेच महत्त्वाचे.

निळ्या शिरस्त्राणाचेही असेच आहे. लोकांनी मानले तोवर तो निशाण, नाही तर रंगवलेले पोलाद. १९६७ च्या मे महिन्यात ईजिप्तने संमती काढून घेतली, सुएझवेळी आलेले दल निघू लागले, आणि ५ जूनला युद्ध पेटले. गाझात परतीच्या वाटेवर असलेले काही भारतीय जवान त्यात मारले गेले. १९४८ पासून आजवर जगभरच्या ४ हजारांहून अधिक शांतिसैनिकांनी प्राण दिले आहेत, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा भारताचा आहे.

शेवटी पुन्हा शब्दाकडे येऊ. तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. आपण कृष्णाकाठची माणसे, आपल्याला काठ म्हणजे काय ते कोणी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. आपल्या पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावात वेढलेल्या लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. पुरात काठावर उभे राहून 'मी तटस्थ' म्हणणाऱ्याला कोणी सज्जन म्हणेल काय? पण त्याचबरोबर हेही खरे की, नुसत्या कळवळ्याने पाण्यात उतरून भागत नाही. बोट माणसांच्या मानाने पुरेशी हवी, आधीच बांधून ठेवलेली हवी. स्रेब्रेनित्सातले सैनिक भित्रे होते असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांना एवढ्या पुरात एवढ्याशा होडीत बसवले कोणी? काठावरच्या राष्ट्रांनीच ना? ज्याला स्वतः मध्ये जाता येत नाही, त्याच्यावरही मग एक कर्तव्य येते, होडी बांधण्याचे. न्याय करणारी पंचायत, ऐकून घेणारी सभा, धाक असलेला कायदा, या सगळ्या होड्याच आहेत, आणि त्या पूर येण्याआधी बांधायच्या असतात. जगाने त्या दोनदा बांधल्या, आणि दोन्ही वेळा महापूर ओसरल्यावर बांधल्या, हे दुःख आहे. पण बांधल्या, हेही खरे.

तेव्हा बांधावर दोघे भांडताना दिसले, तर वाट बदलण्याआधी क्षणभर थांबावे. आपण काठावरचे तटस्थ आहोत की मधले, हे स्वतःलाच विचारावे. मध्ये गेलात तर दोघांकडून बोल ऐकावे लागतील, क्वचित काठीही बसेल. ती सोसायची तयारी असेल तर खुशाल जावे. आणि नसेल, तर निदान आपल्या भीतीला तटस्थपणाचे नाव देऊ नये.